एका जिल्हा न्यायाधीशाने अमेरिकेच्या अध्यक्षाला देशभर थांबवावं का?

वाटसरू (जुलै २०२५)

२७ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'ट्रम्प विरुद्ध कासा' निकाल आला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लोकशाही संपली म्हणून गळा काढला. जरा थंड डोक्याने बघू या.

ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारीला, आदेश काढला. आई बेकायदा राहणारी किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर अमेरिकेत जन्मूनही बाळाला नागरिकत्व नाही. मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन राज्य इथल्या फेडरल जिल्हा न्यायाधीशांनी हा आदेश अख्ख्या देशासाठी रोखला. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की समोर आलेल्या वादीला पूर्ण दिलासा द्या, पण जो कोर्टात आलाच नाही त्याच्यासाठी देशव्यापी मनाई हुकूम काढता येणार नाही. मूळ आदेश घटनेत बसतो की नाही, याला कोर्टाने या निकालात हातच लावला नाही.

माझं मत विचाराल तर आदेश चूक आणि निकाल बरोबर. देशात ९४ फेडरल जिल्हा न्यायालयं, सहाशेच्या वर न्यायाधीश. सरकारला सगळीकडे जिंकावं लागतं, विरोधकांना एकदाच. ही सोय दोन्ही पक्षांनी मनसोक्त वापरली आहे. २०१५ मध्ये लाखो पालकांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी ओबामांची योजना टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या एका न्यायाधीशाने देशभर अडवली. २०२३ मध्ये टेक्सासमधल्याच अमॅरिलोच्या एका न्यायाधीशाने २००० सालापासून मंजूर असलेल्या गर्भपाताच्या गोळीची मंजुरीच स्थगित करायला घेतली. अमॅरिलोला खटला टाकला की तो याच न्यायाधीशाकडे जाणार, हे वकिलांना आधीच ठाऊक होतं. तेव्हा संतापलेले लोक आज देशव्यापी मनाई हुकमाचे वाली झालेत. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या उदारमतवादी न्यायमूर्ती केगन २०२२ च्या एका भाषणात म्हणाल्या होत्या की एका जिल्हा न्यायाधीशाने राष्ट्रीय धोरण जागच्या जागी थांबवावं आणि ते वर्षानुवर्षं थांबूनच राहावं, हे काही बरोबर असू शकत नाही.

एडिसनकर

वाटसरू साहेब, तुमचं थंड डोकं तुम्हाला लखलाभ. आम्ही दोघं एच-१बी आणि एच-४ वर, म्हणजे मी नोकरीच्या आणि बायको जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर, बायकोला सातवा महिना लागलाय. न्यू जर्सी सरकार खटल्यात वादी आहे, म्हणून आम्ही त्यातल्या त्यात निर्धास्त. माझा चुलतभाऊ डॅलसला असतो. तोच व्हिसा, तीच कंपनी, पण टेक्सासने खटला भरलेला नाही. म्हणजे एकाच घराण्यातलं एक बाळ अमेरिकन आणि दुसरं कुठलंच नाही? जन्माने नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीत राज्यागणिक नागरिकत्व असं कुठे लिहिलंय?

१५ मेच्या सुनावणीत न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी सरकारी वकिलाला अगदी साधा प्रश्न विचारला होता: उद्यापासून हॉस्पिटलने नवजात बाळाचं करायचं काय? वकील म्हणाले, हॉस्पिटलं काही वेगळं करणार नाहीत, चुकीचं नागरिकत्व लिहिलेली कागदपत्रं फेडरल अधिकारी स्वीकारणार नाहीत. त्यांना ते कळणार कसं? तर म्हणे, अधिकाऱ्यांना ते ठरवावं लागेल. पुढचा प्रश्न एका शब्दाचा होता, "कसं?" त्याचं धड उत्तर आलं नाही. आणि हेच कॅव्हनॉ निकालात सहांच्या बाजूला!

फौजदारी_दिवाणी

एडिसनकर, तुमची काळजी रास्त आहे, पण निकालाचा पायाही बघा. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती बॅरेट यांचं म्हणणं असं की जिल्हा न्यायालयांचे हे अधिकार १७८९ च्या कायद्यातून आले आणि त्या काळच्या इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात असला सार्वत्रिक मनाई हुकूम नव्हताच. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी मत लिहिलं, त्यावर बॅरेट यांचा टोला असा की तुम्ही सम्राटासारख्या अध्यक्षावर टीका करता आणि सम्राटासारखी न्यायसंस्था कवटाळता.

आता गंमत. निकालाला दोन आठवडे होत नाहीत तोच, १० जुलैला, न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश लाप्लांट यांनी अशा सगळ्या बाळांचा एक वर्ग मानून सामूहिक दावा तात्पुरता मंजूर केला आणि आदेश पुन्हा देशभर रोखला. हे धाकट्या बुश यांनी नेमलेले. फेब्रुवारीत त्यांनीच देशव्यापी हुकूम द्यायचं टाळलं होतं.

तिरकस

म्हणजे पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. न्यायमूर्ती अलिटो यांनी निकालातच इशारा दिला होता की सामूहिक दावे सैल हाताने मंजूर केलेत तर या निकालाला अर्थ उरणार नाही. दोनच आठवड्यांत प्रचिती आली. वकिलांची फी तेवढी वाढली.

मृदुला_क

तुम्ही सगळे मनाई हुकूम किती रुंद असावा यावर भांडताय. मला खालचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: अध्यक्षाने ऐकलंच नाही तर? कोर्टाचे हुकूम बजावणारे मार्शल न्याय खात्याच्या हाताखाली, म्हणजे शेवटी अध्यक्षाच्याच हाताखाली. कोर्टाकडे ना तलवार ना तिजोरी, असं अमेरिकेच्या घटनाकारांपैकी एक असलेल्या हॅमिल्टनने १७८८ मध्येच लिहून ठेवलंय.

१८६१ चा मेरिमन खटला घ्या. यादवी युद्ध नुकतं पेटलेलं. लिंकनच्या सैन्याने मेरीलँडच्या एका माणसाला बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीत डांबलं. सरन्यायाधीश टेनी म्हणाले, त्याला कोर्टापुढे हजर करा. सेनापतीने नकार दिला. टेनींनी कोर्टाच्या अवमानाबद्दल सेनापतीवर हुकूम काढला आणि मार्शल तो घेऊन किल्ल्यावर गेला, तर त्याला बाहेरच्या फाटकातूनच परत पाठवलं. देशाचा सरन्यायाधीश, आणि त्याच्या हुकमाला फाटकाच्या आत प्रवेश नाही! टेनींनी निकालाची प्रत लिंकनकडे पाठवली, त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

उलट १९५२ बघा. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर, ट्रुमनने गिरण्याच ताब्यात घेतल्या. कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले, तरी निकाल ६ विरुद्ध ३ विरोधात गेला. ट्रुमनने लगेच गिरण्या मालकांना परत दिल्या. मग संप झालाच, सात आठवड्यांहून जास्त चालला. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर निक्सनने ध्वनिफिती दिल्या आणि त्या निकालानंतर सोळा दिवसांत पद सोडलं. तिथे कुणी मार्शल पाठवावा लागला नव्हता.

आज? एल साल्वाडोरच्या ज्या माणसाला तिथे पाठवू नये असा २०१९ चा हुकूम होता, त्यालाच मार्चमध्ये तिथल्या तुरुंगात धाडलं. त्याला परत आणण्याची सोय करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिलला सांगितलं, आणि तो आला ६ जूनला, तोही फौजदारी आरोपांसह. याला पालन म्हणायचं की वेळकाढूपणा?

वाटसरू

मृदुलाताई, लिंकनचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बरं. ड्रेड स्कॉट खटल्यात काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही असा निकाल देणारे तेच हे टेनी. आणि १८६१ च्या पहिल्याच भाषणात लिंकन म्हणाला की साऱ्या जनतेचे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायमचे ठरणार असतील, तर जनता स्वतःची राज्यकर्ती उरणार नाही. तेव्हा फाटकातून परत गेलेल्या मार्शलबद्दल मला फार वाईट वाटत नाही. अध्यक्षाला आवर घालायचं काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं. निवडून आलेल्याला निवडून आलेल्यांनी रोखावं.

मृदुला_क

काँग्रेसने रोखून पाहिलंय की. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीच्या पैशासाठी आणीबाणी जाहीर केली. दोन्ही सभागृहांनी ती रद्द करायचा ठराव केला, सिनेट तेव्हा त्यांच्याच पक्षाकडे होतं. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला आणि तो उलटवायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत जमलं नाही. म्हणजे आदेश काढायला एक सही, आणि तो पाडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. या हिशोबात काँग्रेस आवर घालणार कशी, ते सांगा.

टेनींबद्दल बोलायचं तर ड्रेड स्कॉट पुसण्यासाठीच चौदावी दुरुस्ती आली. तिच्याच आधारे १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला माणूस नागरिक ठरला. आज वाद आहे तो दुरुस्तीतल्या जन्माने नागरिकत्वाच्या त्याच वाक्याचा.

वाटसरू

दोन तृतीयांशाचा मुद्दा मान्य, पण त्यावर औषध म्हणून अध्यक्षाचे आणीबाणीचे अधिकार आखडणारा कायदा करा. ब्राउन्सव्हिल किंवा सिएटलच्या न्यायाधीशाला राष्ट्रीय नकाराधिकार देणं हे औषध नव्हे.

तिरकस

त्या कायद्यावरही सही अध्यक्षच करणार ना? चालू द्या.

फौजदारी_दिवाणी

केगन यांचं २०२२ चं भाषण वाटसरूंनी दिलं, तर त्यांचा मे महिन्यातला प्रश्नही द्यावा. सरकार खालच्या कोर्टांत एकामागून एक खटले हरत असेल आणि प्रत्येक निकाल फक्त त्या वादीपुरताच असेल, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात येईलच कशाला? हरलेल्याने अपील केलं नाही की बाकी देशात आदेश चालूच. भाषणाच्या वेळी अध्यक्ष बायडेन होते, तेव्हा त्या बदलल्या असं तुम्ही म्हणाल. मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात. मात्र नागरिकत्वासारख्या गोष्टीत तरी वादीपुरता दिलासा ही कल्पना चालत नाही.

एडिसनकर

मला एवढंच सांगा, न्यू हॅम्पशायरच्या हुकमाने माझ्या डॅलसच्या भावाचं काम होतं का?

फौजदारी_दिवाणी

आज, जुलै २०२५ मध्ये, होतं. २० फेब्रुवारी २०२५ ला किंवा त्यानंतर जन्मलेली, या आदेशाच्या कचाट्यात येणारी सगळी बाळं त्या वर्गात आहेत, मग राज्य कुठलंही असो. आईबाप मात्र त्या वर्गात नाहीत, फक्त बाळ. जन्मदाखला राज्याकडून मिळतो, त्यावर आदेशाचा परिणाम नाही. अडचण आली तर पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी नंबरला येईल. भावाला म्हणावं, बाळ झालं की दोन्ही अर्ज लगेच कर, आणि स्वतःच्या व्हिसाचे जुने सगळे कागद हाताशी ठेव.

वाटसरू

एडिसनकर, वाद बाजूला, बाळंतपणाला शुभेच्छा. सामूहिक दाव्याला माझी हरकत नाही. तिथे निदान न्यायाधीशाला वर्ग कोण, प्रतिनिधी कोण, हे तपासावं तरी लागतं. लाप्लांट यांनी ते किती तपासलं, यावर माझं आणि फौजदारींचं जमेल असं वाटत नाही.