नवी बॅटरी, नवा रेग्युलेटर, तरी गाडी चार्ज होत नाही

धुकेवाट

दुचाकी एका सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनवाली, थ्री-फेज स्टेटर (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल). वॉरंटी चालू आहे. हेडलाइट लावून रहदारीतून हळू चाललं की बॅटरी उतरते. मग सेल्फ दाबला की रिले नुसता टकटक करतो आणि मीटरचा काटा रीसेट होतो. सर्व्हिस सेंटरने आधी बॅटरी बदलली, नंतर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, स्टेटरच्या एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग). तक्रार जशीच्या तशी. आता म्हणतात, बाहेरून बसवलेल्या एलईडी फॉगलॅम्पमुळे होतंय, वॉरंटीत बसणार नाही. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

तांब्याची_तार

सुटे भाग बदलणं थांबवा, आधी आकडे घ्या. बॅटरी बहुतेक वेळा दोषी नसते, ती चार्ज न मिळाल्यामुळे मरते.

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, काही तास तशीच ठेवा, मग व्होल्टेज बघा. लेड-अ‍ॅसिड असेल तर १२.६ ते १२.८ यायला हवं. सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा. १० च्या बरंच खाली गेलं तर बॅटरी किंवा जाड केबलचा जोड कमजोर. दोन्ही टर्मिनलचे स्क्रू आणि इंजिनवरची अर्थिंगची केबल घट्ट आहे का, हेही आत्ताच पाहून घ्या.

फॉगलॅम्पचा फ्यूज काढून ठेवा. गाडी सुरू करून हेडलाइट चालू ठेवा, ५००० आरपीएमला बॅटरीवर डीसी व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. आयडलला, त्यात रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर, १३ च्या आसपास उतरणं फार चिंतेचं नाही. निकाल ५००० वरच्या आकड्यावर द्यायचा.

कमी आलं तर स्टेटर. इंजिन बंद करून आरआरकडे जाणारा तीन वायरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) सोडा. बहुतेक गाड्यांत तिन्ही पिवळ्या असतात. कोणत्याही दोन वायरमध्ये रेझिस्टन्स साधारण १ ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. त्यांपैकी एकही वायर चेसीला लागलेली दिसता कामा नये. लागली असेल तर कॉइल जळली आहे. मग कपलर सुटलेलाच ठेवून गाडी सुरू करा, मीटर एसीवर घ्या: आरपीएमसोबत व्होल्टेज वाढायला हवं आणि तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखं दिसायला हवं. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ बघणं. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

धुकेवाट

फॉगलॅम्पचा फ्यूज काढून घेतलेले आकडे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७. ५००० ला बॅटरीवर १२.८. स्टेटरच्या तिन्ही जोड्या ०.५ ओहम, चेसीला काही लागत नाही. एसी तिन्ही जोड्यांत ६० च्या आसपास.

तांब्याची_तार

म्हणजे स्टेटर चांगला आहे. आरआरही नवा आहे. आता मधल्या वाटेवर शोधायचं. कपलर पुन्हा जोडून गाडी ५००० ला ठेवा. मीटर डीसीवर, लाल प्रोब आरआरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर मागच्या बाजूने टेकवा, काळा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. मग तसंच निगेटिव्हच्या बाजूला. प्रत्येकी ०.२ च्या आत असायला हवं. आरआरच्या आउटपुटवर थेट व्होल्टेजही घ्या.

धुकेवाट

आरआरवर १४.२. पॉझिटिव्ह बाजूला १.३, निगेटिव्हला ०.१. आरआरच्या आउटपुटच्या कपलरचं प्लास्टिक एका पिनपाशी तपकिरी झालंय!

तांब्याची_तार

सापडलं. बरेच रेग्युलेटर स्वतःच्या आउटपुटवरचंच व्होल्टेज बघतात. त्याला १४.२ दिसतं, म्हणून तो समाधानी असतो. बॅटरीपर्यंत पोहोचतात १२.८. सैल पिनमधून १० अँपिअर जात असतील तर १.३ व्होल्टच्या हिशोबाने १३ वॉटची उष्णता त्या इवल्याशा पत्र्यात. तापला की स्प्रिंगचा ताण जातो, पिन आणखी सैल होते, आणखी तापते. त्यामुळे हा दोष वाढतच जातो आणि आरआर कितीही वेळा बदलला तरी हटत नाही. मेन फ्यूजचा होल्डरही याच वाटेवर येतो, त्याच्या दोन टोकांमधला ड्रॉप (व्होल्टेजची घट) वेगळा मोजा.

दुरुस्ती म्हणजे दोन्हीकडचे टर्मिनल नवीन, वायरच्या जाडीला योग्य, नीट क्रिंप केलेले (पक्कडीने तारेवर दाबून बसवलेले). काळी पडलेली तांब्याची तार चकचकीत लागेपर्यंत मागे कापायची. नुसत्या सोल्डरवर भरवसा नको, कंपनांनी तार सोल्डरच्या कडेलाच तुटते. सँडपेपरने पिन घासून परत बसवणंही टिकत नाही.

दहा_नंबर_पाना

वॉरंटी चालू आहे तोवर यातलं काहीही स्वतः कापू नका. मोजणं चालेल. कापलेली वायर दिसली की हार्नेसचा (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याचा) क्लेम फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं.

तपकिरी पिनचे फोटो काढा, मीटरवरचा आकडा दिसेल असे. जॉब कार्डवर ‘चार्जिंग चेक’ एवढंच लिहून घेऊ नका. असं लिहवा: ‘अ‍ॅक्सेसरीचा फ्यूज काढून, ५००० आरपीएमला आरआर आउटपुट १४.२, बॅटरी १२.८, पॉझिटिव्ह बाजूला १.३ व्होल्ट ड्रॉप, कपलर जळालेला’. सही करण्याआधी वाचा आणि प्रत घ्या. गाडी परत घेताना तोच आकडा टेक्निशियनकडून समोर मोजून घ्या, बिलावर लिहून घ्या, जुना कपलर बघायला मागा.

फॉगलॅम्पचं म्हणणं तुमच्या मोजणीतच खोडलं गेलंय: फ्यूज काढल्यावर दिवा शून्य अँपिअर खातो, तरी दोष होता. तरीही नकार दिलाच तर कोणत्या वायरवर, कोणत्या फ्यूजवर दिव्याचा परिणाम झाला, हे लेखी मागा. तोंडी वाद घालण्यात वेळ घालवू नका. पुढची पायरी वर्क्स मॅनेजर, त्यानंतर कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, दोन्हीकडे जॉब कार्ड नंबर आणि फोटोंसकट. आधीच्या बॅटरीचे किंवा आरआरचे पैसे घेतले असतील तर ते परत मागण्याचा मुद्दाही त्याच पत्रात घ्या, निदान चुकलं होतं हे आता आकड्यांत आहे.

मात्र फॉगलॅम्पची वायर हेडलाइटच्या हार्नेसमध्ये टोचून जोडलेली असेल, तर त्यांचा मुद्दा अगदी पोकळ नाही. बॅटरीवरून थेट, स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमधून जोडणी हवी. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे सव्वातीन अँपिअर, ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालायचा नाही, तो वायरला वाचवण्यासाठी असतो.

धुकेवाट

रिले आहे, स्वतंत्र फ्यूज आहे. उद्या हेच जॉब कार्डवर लिहून देतो.

तांब्याची_तार

कपलर बदलल्यावर उभ्या गाडीतली गळतीही एकदा मोजा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर, आधी १० अँपिअरच्या रेंजवर, आकडा अगदी कमी दिसला तरच मिलिअँपिअरवर. मीटर मध्ये असताना चावी किंवा सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मोजके मिलिअँपिअर ठीक. ५० दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ९ अँपिअर-तासाची बॅटरी आठवडाभरात रिकामी. तेव्हा एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये शोधा.