मदत हवी आहे: केव्ही कॅश (एकदा वाचलेल्याचा जपून ठेवलेला हिशेब) चालू आहे, तरी मॉडेल दर प्रश्नाला पहिल्यापासून का वाचतंय?

मंडळी, बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. लेथच्या सूचना मराठी-कानडी मिसळून लिहिलेल्या आहेत. त्या लामा ३ या भाषा-मॉडेलला (८ अब्ज आकड्यांचं, आपल्याच संगणकावर चालणारं) देऊन कारागिरांना उत्तरं मिळवून देतोय. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं, मॉडेल ४ बिटवर आणलेलं, म्हणजे त्याचे आकडे कमी जागेत दाबून बसवलेले.

सूचना साधारण ३००० टोकनच्या (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर वाचतं ते शब्दांचे तुकडे; आपल्या लिप्यांचे तुकडेच फार पडतात, ते दुखणं वेगळंच). प्रश्न दोन ओळींचा, तरी पहिला शब्द उमटेपर्यंत चहा पिऊन होतो. एकदा सुरू झालं की मात्र झरझर.

मी समजलो ते असं: खानापूरहून बेळगावला येताना पिरनवाडीला दोघं चढले, तर कंडक्टर त्या दोघांचीच तिकिटं काढतो. तसं जुन्या टोकनांच्या की आणि व्हॅल्यू (की म्हणजे टोकनाची ओळख, व्हॅल्यू म्हणजे त्यातला माल, दोन्ही आकड्यांच्या याद्या) जपायच्या, हिशेब नव्यापुरता. मग दरवेळी बस रिकामी करून पुन्हा का भरतंय? आणि क्वेरी (नवं टोकन जुन्यांना विचारतं तो प्रश्न, तीही आकड्यांची यादीच) का जपत नाहीत? की मेमरी भरली?

प्रतिसाद: मेमरी नव्हे हो. या मॉडेलचे ३२ थर, दर थरात ८ केव्ही हेड (की-व्हॅल्यूचे संच), प्रत्येकाची लांबी १२८ आकडे, की आणि व्हॅल्यू मिळून २, कॅशमधल्या आकड्याला २ बाइट. गुणा: टोकनाला १२८ केबी. तुमच्या ३००० ला ३७५ एमबी, सहज मावतं. क्वेरी नव्या टोकनाची, ती जुन्या कीशी ताडून झाली की काम संपलं. पुढं तिला कुणी विचारत नाही. प्रॉम्प्टची, म्हणजे मॉडेलला पाठवता त्या सगळ्या मजकुराची, पहिली ओळ टाका बघू.

धागाकर्ता: 'आज मंगळवार, सकाळचे १०.४२. तू वर्कशॉपचा मदतनीस आहेस.' शिफ्ट कळावी म्हणून वेळ स्क्रिप्टच घालते.

प्रतिसाद: सापडलं! कंडक्टरचा दाखला इथं तुटतो. पहिला थर सोडला तर प्रत्येक टोकनाच्या की-व्हॅल्यूत आधीच्या सगळ्यांचा अंश मुरलेला असतो. १०.४२ चं १०.४३ झालं की तिथून पुढचं सगळं शिळं. शेवटी काही बदललं तर आधीच्याला धक्का नाही. वेळ खाली न्या, प्रश्नाच्या शेजारी.

धागाकर्ता: नेली. दुसऱ्या प्रश्नापासून लगेच उत्तर येतंय, आभार! सकाळच्या पहिल्या प्रश्नाला अजून थांबावं लागतं. मेस्त्री म्हणतात, शटर उघडल्या उघडल्या एक फुसका प्रश्न आपणच विचारून ठेवायचा, म्हणजे सूचना आधीच वाचून झालेल्या असतील.