मदत हवी आहे : रानपिंगळ्याच्या नोंदीची खातरजमा कशी करावी?

नमस्कार. आम्ही काही निरीक्षक ठाणे-पालघर भागातील पक्ष्यांची यादी तयार करत असून, त्यातील एका नोंदीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. सागाच्या जंगलात दुपारी टिपलेल्या एका पिंगळ्याचे दोन फोटो आमच्याकडे आले आहेत आणि पाठवणाऱ्यांच्या मते तो रानपिंगळा (एकेकाळी नामशेष मानले गेलेले दुर्मीळ छोटे घुबड) आहे. 2014 मध्ये याच भागातील तानसा अभयारण्यात हा पक्षी आढळल्यामुळे दावा अशक्य म्हणता येत नाही. परंतु साधा पिंगळाही दिवसा दिसतो, त्यामुळे वेळेवरून काहीच ठरत नाही.

पहिल्या फोटोत रानपिंगळ्याप्रमाणे डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, मात्र डोके सावलीत आहे. दुसऱ्यात शेपटीचे रुंद पांढरे पट्टे स्पष्ट दिसतात, पण छाती आणि पोट फांदीआड गेले आहे. आवाजाचे ध्वनिमुद्रण नाही. केवळ शेपटीच्या पट्ट्यांवरून निर्णय घेणे मला धाडसाचे वाटते.

या पक्ष्याच्या बाबतीत काटेकोरपणा विशेष आवश्यक आहे, कारण ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपला म्हणून दाखवलेला, 1914 सालचा मृत पक्ष्याचा नमुना प्रत्यक्षात चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी माहिती लिहून तयार केलेला होता आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा सापडेपर्यंतच्या शोधाची दिशा त्यामुळे चुकत राहिली.

अशी नोंद ‘पुष्टी प्रलंबित’ म्हणून यादीत ठेवावी, की ध्वनिमुद्रण मिळेपर्यंत पूर्णपणे वगळावी? पुष्टी झाल्यास घरट्याच्या सुरक्षिततेसाठी ठिकाण तालुक्यापुरतेच नोंदवणे योग्य ठरेल का? ज्यांनी दोन्ही पिंगळे जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.