१९ वर्षांची जाऊ, हिमोग्लोबिन ८.४

प्रश्न (वाळपई): धाकट्या जावेला सातवा महिना. लोहाच्या गोळ्या घेते, पण चहाबरोबर! पोट बिघडलं की बंद. सासूबाई म्हणतात, "आमची सतराव्या वर्षीच बाळंतपणं झाली, काय झालं?" (त्यांची दोन गेली, ते कुणी बोलत नाही.) वयाने खरंच फरक पडतो का?

उत्तर (निवृत्त नर्स, फोंडा): पडतो गो. तिचंच अंग अजून भरतंय, त्यात बाळ वाटेकरी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्त कमीच. विशीच्या आतल्या आयांत अपुऱ्या दिवसांची, अडीच किलोहून हलकी बाळं जास्त दिसतात. गोळी चहापासून दोन तास दूर, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि ८.४ डॉक्टरांना दाखवाच, इंजेक्शनाने लोह देता येतं.

उत्तर (पेडणे): माझी पहिली १८व्या वर्षी. आठव्यात हात सुजले, बांगड्या निघेनात. सगळे म्हणाले, असंच असतं. मग डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे, बीपी १६०/११०. रात्रीच बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. मुलगी १८०० ग्रॅमची, तळहातावर मावेल एवढी. बीपी दर खेपेला मोजून घ्या.

प्रश्नकर्ती: उद्याच नेते. चहा काही सुटत नाही, गोळी रात्रीवर ढकललीय.