मदत हवी आहे: मामा एआरडीएसमुळे व्हेंटिलेटरवर आहेत

उचगावचे माझे मामा न्यूमोनियातून एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं आणि रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो) होऊन कोल्हापुरात आयसीयूत आहेत. ऑक्सिजनचा पीएफ रेशो (दिलेल्या ऑक्सिजनच्या मानाने रक्तात किती पोचतो ते प्रमाण) १५०च्या खाली गेल्यामुळे त्यांना रोज १६ तास पालथं ठेवतात. चेहरा इतका सुजलाय की मामींना बघवत नाही. फुप्फुसांना आणखी इजा होऊ नये म्हणून श्वास मुद्दाम छोटे देतात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली. हे मला पटलंय.

काळजी पुढची आहे. कुणाच्या घरचं माणूस यातून बाहेर आलंय का? नळी काढल्यावर हातापायांत ताकद यायला, बरळणं थांबायला किती दिवस लागले? घरी येणारे चांगले फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? एक्मोसाठी (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं मशीन) पुण्याला हलवायचा विषय निघाला, तर डॉक्टरांना आधी काय विचारावं?

काढे, वाफ कृपया सुचवू नका.