अर्ध्यावर राहिलेला डाव : टीव्ही गेम ते रोल प्लेइंग, तुमचे अनुभव लिहा

व्हिडिओ गेमच्या आठवणी निघाल्या की गप्पा बहुधा खेळांच्या नावांपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. या धाग्यात थोडा वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो : डाव अर्ध्यावर असताना उठावे लागले, तेव्हा तो डाव तुम्ही कसा जपलात? १९९० च्या दशकात आपल्याकडे लिटल मास्टर, समुराई, टर्मिनेटर अशा नावांनी घरोघरी आलेले टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या, आणि आपल्या हाती पडलेल्या कॅसेटींतला जवळजवळ प्रत्येक खेळ बटण बंद केले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. रोल प्लेइंग, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचे नेमके उलटे असते. तिथे एक पात्र घडवायला कित्येक आठवडे जातात, त्यामुळे डाव जतन करण्याची सोय नसेल तर तो खेळ पुढे सरकतच नाही. ज्यांनी या दोन्ही तऱ्हा अनुभवल्या आहेत त्यांनी वर आपल्या गावाचे नाव देऊन सविस्तर लिहावे, आणि शेजारी कोण बसलेले असायचे तेही सांगावे.

सुरुवात मीच करतो. आमचे घर सोलापुरात होते आणि टीव्ही गेम मामांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. मारिओ सगळ्यांनाच प्रिय होता, पण आम्हा भावंडांचा खरा जीव ‘टँक’मध्ये, म्हणजे नामकोच्या १९८५ सालच्या बॅटल सिटीमध्ये गुंतलेला होता. पडद्याच्या तळाशी विटांच्या आड बसलेला गरुड वाचवायचा, प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे संपवायचे, आणि जोडीदाराला चुकून गोळी लागली तर तो काही क्षण जागीच खिळून राहतो हे ध्यानात ठेवून एकमेकांच्या वाटेतून दूर राहायचे. इतकी शिस्त आम्ही दुसऱ्या कुठल्याही खेळात पाळली नसेल. या खेळात स्वतःचा नकाशा रचण्याची सोय होती. पाणी, झाडी, लोखंडी भिंती मनाप्रमाणे मांडून आम्ही दुपारभर किल्ले उभारत असू आणि वीज गेली की ते सगळे नाहीसे होई. तेव्हा थोरल्या बहिणीने चौकटीच्या वहीची पाने फाडून त्यांवर एकेक किल्ला उतरवायला सुरुवात केली : विटेसाठी फुली, पाण्यासाठी नागमोडी रेघ, लोखंडासाठी काळा चौकोन. वीज परत आली की ती पानावरून वाचून दाखवी आणि मी रिमोटने तो किल्ला पुन्हा रचत असे.

एक्साइटबाइक या मोटरसायकलच्या खेळातही स्वतःचा रस्ता बांधता येई, आणि तिथे तर ‘सेव्ह’ व ‘लोड’ असे पर्याय पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असत. आम्ही ते पुनःपुन्हा दाबून पाहिले, पण काहीच घडत नसे. त्या पर्यायांसाठी फॅमिकॉमला जोडायचा एक टेपरेकॉर्डर लागत असे आणि तो फक्त जपानात विकला गेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. सोलापुरातल्या एका खोलीत बसून आम्ही ज्या दारावर थापा मारत होतो, ते उघडणारे यंत्र आपल्या देशात कधी आलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

ठाणे

मारिओविषयी एक गोष्ट जोडतो. तिन्ही लाइफ संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, तर ज्या वर्ल्डमध्ये हरलो त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. यंत्र बंद होईपर्यंत टिकणारी का होईना, ती एक प्रकारची बचतच होती. आमच्या इमारतीत हे एकाच मुलाला ठाऊक होते आणि त्याने ते कोणालाही शिकवण्यास कधी नकार दिला नाही.

माझा मुख्य अनुभव मात्र प्लेस्टेशन २ चा आहे. घरी यंत्र नव्हते. स्टेशनजवळच्या एका गेम पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन आम्ही खेळत असू. बाकी सगळे क्रिकेट नाहीतर फुटबॉल लावत. मी एकटा २००१ सालचा फायनल फँटसी १० हा रोल प्लेइंग खेळ घेऊन बसत असे आणि त्यासाठी स्वतःचे आठ मेगाबाइटचे मेमरी कार्ड कंपासपेटीत ठेवून नेत असे. पार्लरच्या कार्डावर कोणीही कोणाचाही डाव पुसून स्वतःचा ठेवी, म्हणून वडिलांनी वाढदिवसाला मला ते कार्ड घेऊन दिले होते. त्या कार्डावर काय आहे हे त्यांना कधी नीट उमगले नाही, तरी माझी शाळेची पिशवी हलवताना ‘यात तुझे ते कार्ड आहे का’ असे विचारून मगच ते ती उचलत असत.

ज्यांनी हा खेळ पूर्ण केला आहे त्यांना झानार्कंड या नगरातली युनालेस्का ही बलाढ्य शत्रू आठवत असेल. जतन करण्याची जागा तिच्या आधी आहे, आणि लढाईपूर्वीचे लांबलचक दृश्य मूळ आवृत्तीत ओलांडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पराभवानंतर ते सगळे पुन्हा पाहावे लागे आणि त्या वेळात माझा पैसे देऊन घेतलेला तास सरत जाई. तिच्या तिसऱ्या रूपाच्या एका हल्ल्यात ज्या पात्रांवर झॉम्बीचा, म्हणजे चालत्या प्रेतासारखे करून टाकणाऱ्या दोषाचा, अंमल असतो तेवढीच वाचतात. म्हणजे जो दोष बरा करण्याची सवय खेळाने आपल्याला तोवर लावलेली असते, तोच इथे अंगावर बाळगायचा असतो. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पार्लरचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते शेवटी माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. ‘तू लढ, घड्याळ मी थांबवतो,’ असे ते म्हणाले आणि त्या संध्याकाळच्या वाढीव वेळेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मस्कत, आता पुणे

आमच्याकडे प्रश्न वेगळा होता. बाबा मस्कतला नोकरीस होते. तिथे आम्हा दोघा भावंडांत मिळून गेम बॉय कलर हे हातात धरायचे एक यंत्र आणि पोकेमॉन सिल्व्हरची एक कॅसेट होती. पोकेमॉन म्हणजे पकडून, वाढवून लढवायचे काल्पनिक प्राणी. त्या कॅसेटमध्ये एकच डाव जतन करता येतो. दुसऱ्याने नवा डाव सुरू करून जतन केला की पहिला पुसला जातो. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एकच आयुष्य जगायचे ठरवले. जिममधल्या, म्हणजे खेळातल्या आखाड्यांतल्या, लढाया दादा लढे. रानात हिंडून नवे पोकेमॉन पकडणे आणि अंडी उबवणे ही माझी कामे होती. कोणाला संघात ठेवायचे यावर आमच्यात खरोखरीची चर्चा होई आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय कोणीही जतन करायचे नाही, असा नियम होता.

त्या खेळाला स्वतःचे घड्याळ होते, आणि तेच मला सर्वांत विलक्षण वाटे. हूटहूट नावाचा पोकेमॉन रात्रीच दिसे, किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरे, आणि युनियन केव्ह या गुहेच्या तळघरातल्या पाण्यात लाप्रास हा पोकेमॉन फक्त शुक्रवारी येत असे. ओमानमध्ये तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, त्यामुळे आमचा शुक्रवार लाप्राससाठी राखलेला होता. आई दुपारी झोपली की आम्ही गच्चीच्या जिन्यात बसत असू, कारण त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे तो उन्हाकडे धरूनच पाहावा लागे.

दादा पुढे शिक्षणासाठी दूर गेला आणि कॅसेट माझ्या कपाटात राहिली. काही वर्षांपूर्वी तो घरी आला असताना आम्ही ती लावून पाहिली, तर ‘कंटिन्यू’ हा पर्यायच दिसला नाही. डाव जपणारी आतली नाण्यासारखी बॅटरी संपली होती. दादाने स्मरणातून आमच्या सहाही पोकेमॉनची नावे सांगितली, अगदी मी ठेवलेली टोपणनावेसुद्धा. माझ्याजवळ पोकेमॉन क्रिस्टलची एक कॅसेट अजून आहे, जिच्यात पुढे सुरू केलेला आमचा डाव शिल्लक आहे. तो वाचवण्याचा काही उपाय कोणास ठाऊक असल्यास कृपया लिहावा.

योकोहामा

मी नोकरीनिमित्त जपानात आहे आणि जपानी शिकण्याची सुरुवात पुण्यातच झाली होती. इथल्या एका सहकाऱ्याने मला १९८६ सालचा पहिला ड्रॅगन क्वेस्ट दाखवला. जपानी रोल प्लेइंग खेळांचा साचा ज्या खेळाने घालून दिला तो हा खेळ. युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामा यांची चित्रे आणि कोइची सुगियामा यांचे संगीत त्याला लाभले आहे. त्याच्या कॅसेटमध्ये बॅटरी नाही. राजाकडे गेले की तो ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ देतो, म्हणजे हिरागाना या जपानी लिपीतल्या वीस अक्षरांची एक ओळ. ती कागदावर उतरवायची आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरायची. त्या अक्षरांत तुमचे नाव, अनुभव, सोने आणि शस्त्रे सांकेतिक रूपात सामावलेली असतात. दुसऱ्या भागात हाच मंत्र ५२ अक्षरांपर्यंत वाढला. ‘नु’ आणि ‘मे’, ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ ही हिरागाना अक्षरे दिसायला इतकी जवळची आहेत की धूसर टीव्हीवरून उतरवताना मुलांची कसोटी लागे, कारण एक अक्षर जरी बदलले तरी खेळ मंत्र नाकारतो. १९८८ साली तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि लिहिण्याचा त्रास संपला.

सहकाऱ्याने शाळकरी वयातली आपली वही जपून ठेवली होती. आम्ही जुन्या वस्तूंच्या दुकानातून फॅमिकॉम आणला, वहीतला एक मंत्र भरला, आणि लहानपणीचा त्याचा वीर, त्याच नावाने आणि त्याच तलवारीनिशी, राजासमोर उभा राहिला. कॅसेट दुसरी, यंत्र दुसरे, तरी काहीच गमावले नव्हते. वरच्या मस्कतच्या अनुभवाशेजारी हे ठेवून पाहिले तर मला त्या त्रासदायक मंत्राविषयी फार आदर वाटतो.

सांगली

माझा अनुभव लहान आहे. स्टारड्यू व्हॅली या २०१६ सालच्या खेळात आजोबांचे शेत नातवंडाकडे येते, आणि दिवस संपवून पात्र झोपी गेल्यावरच खेळ जतन होतो. आमच्या आजोबांची जमीन वाटण्यांत विकली गेली. मी खेळातल्या शेताच्या कडेने एकामागोमाग एक फळझाडे लावली, कारण त्यांनी बांधावर आंबे लावले होते. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी खेळातले आजोबा शेत पाहायला येतात हे मला ठाऊक नव्हते. ते आले तेव्हा मी आईला हाक मारून शेजारी बसवले.

टोरांटो

पडद्याशिवायच्या रोल प्लेइंगविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, एकत्र कथा सांगत खेळायचा खेळ आणला, आणि वर उल्लेख आलेले रोल प्लेइंग खेळ शेवटी त्याच्याच वंशातले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई, दुबई आणि इथे विखुरलेल्या आम्ही शाळामित्रांनी तो इंटरनेटवरून मराठीत खेळायला सुरुवात केली. आमचा खेळ चालवणारा मित्र मूळचा साताऱ्याचा आहे, त्यामुळे आमच्या कथेतला सरायवाला साताऱ्याच्या बोलीत हिशेब मागतो. इथे यंत्र काहीच लक्षात ठेवत नाही. कोणत्या गावात कोणाला काय वचन दिले, कोणता दरवाजा न उघडता पुढे गेलो, हे आम्ही आळीपाळीने एका सामाईक वहीत लिहितो, आणि पुढच्या बैठकीच्या आरंभी ज्याने लिहिले तो ते मोठ्याने वाचतो. एका मित्राच्या वडिलांचे निधन झाले तेव्हा खेळ बरेच महिने थांबला. तो परत आला तेव्हा शेवटची नोंद त्याच्याच हातची होती आणि ती त्यानेच वाचली. वीसबाजूंचा फासा पुढे कोणी टाकायचा हेही त्या नोंदीत लिहिलेले होते.

पुणे

मस्कतच्या ताईंना उत्तर देतो. जुनी यंत्रे दुरुस्त करणे हा माझा छंद आहे. क्रिस्टलमधला डाव अजून दिसत असेल तर बॅटरीला आधी मुळीच हात लावू नका. गेम बॉयची कॅसेट यूएसबीने संगणकाला जोडणारी वाचकयंत्रे मिळतात. त्यांनी आधी डावाची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी. मगच कॅसेट उघडावी, आणि तिचा स्क्रू वेगळ्या ठेवणीचा असल्यामुळे ३.८ मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रू-ड्रायव्हर लागेल. नवी बॅटरी घेताना धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली घ्यावी, कारण साध्या नाण्यासारख्या सेलवर थेट डाग देणे (सोल्डर करणे) धोक्याचे असते. बॅटरी बदलल्यावर त्याच वाचकयंत्राने डाव परत कॅसेटमध्ये भरता येतो. घड्याळ तेवढे नव्याने लावावे लागेल. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी आणि सफायर या कॅसेटींत बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, त्यामुळे तिथे ती संपली तरी डाव सुरक्षित राहतो. सिल्व्हरमधला डाव मात्र परत मिळणार नाही, पण तीच पद्धत वापरून त्या कॅसेटमध्ये नवी बॅटरी बसवता येईल, आणि दादांना नावे आठवत आहेत तोवर तो संघ पुन्हा पकडता येईल. पुण्यात असाल तर साधने माझ्याकडे आहेत.