लोअर आर्मचे बुश: नुसते बुश बदलू की अख्खा आर्म?

सोळा_सतरा:
गाडी रोजच्या वापरातली, जवळपास पंधरा वर्षं जुनी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), खाली एल आकाराचा लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा). सावकाश चालताना ब्रेक दाबला की एकदा 'कट्ट' वाजतं, रिव्हर्स टाकून गाडी हलली की परत एकदा. खड्ड्यांत विशेष आवाज नाही. डावा टायर आतल्या बाजूने खातोय. आर्मच्या मागच्या मोठ्या बुशमध्ये (आर्म सांगाड्याला जोडणारा रबरी सांधा) फटी दिसतात, पण त्या मुळातल्याच की फाटल्यामुळे, ते कळत नाही. बुश दाबून काढायला-बसवायला हायड्रॉलिक प्रेस नाही. घरी जमण्यासारखं आहे का? आणि रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (जास्त कडक प्लास्टिकसारखे) बुश बसवावेत का?

आटेवाला:
लक्षणं मागच्या बुशचीच वाटतात. ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं, आर्म पुढच्या बुशभोवती फिरू बघतो आणि तो जोर मागच्या बुशवर आडवा येतो. रिव्हर्सला हेच उलट्या दिशेने.

फटींचं म्हणाल तर मुळातल्या खाचांची टोकं गोलसर आणि गुळगुळीत असतात. फाटलेलं रबर खडबडीत दिसतं, कडेला काळा चुरा असतो आणि चीर बहुतेक वेळा खाचेच्या टोकापासूनच सुरू होते. खात्री करायची तर आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला बसतो तो सांगाड्याचा भाग) मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून दोन्ही बाजूंना रेटा. रबर थोडं दबणारच. आतली नळी बाहेरच्या कड्याला जाऊन टेकत असेल किंवा रबर नळीपासून सुटलेलं दिसलं तर बुश गेला. काही बुश द्रव भरलेले असतात, त्यांच्याखाली ओघळ दिसला तरी बदलायचेच. आणि वर कुठे इंजिन ऑइल गळत असेल तर आधी ते थांबवा. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, नवे बुशही टिकणार नाहीत.

बॉल जॉइंट (आर्मचं चाकाकडचं टोक हबला धरणारा फिरता सांधा) आर्ममध्येच रिव्हेट केलेला किंवा दाबून बसवलेला असेल आणि तोही तितकाच जुना असेल, तर बुशसकट अख्खा आर्म घ्या. प्रेसची कटकटच संपते. दोन्ही बाजू एकदमच करा.

पाना_पक्कड:
आर्म घेतला तरी काढण्यात दोन ठिकाणी अडतं. बॉल जॉइंटची पिन हबमध्ये आवळबोल्टने धरलेली असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा, नुसता ढिला करून भागत नाही. तो पिनच्या खाचेतून जातो. मग हबची फट पाचरीने किंचित उघडायची. हब बाहेर ओढताना बेताने, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) आतला जॉइंट सुटतो. ब्रेकची नळी ताणली जात नाहीये ना, तेही बघा.

दुसरं म्हणजे पुढच्या बुशचा बोल्ट. तो आतल्या नळीत गंजून बसतो. नट निघतो, बोल्ट मात्र नळीसकट फिरत राहतो आणि रबर पिळवटतं. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी हलला नाही तर आर्म आणि सबफ्रेमच्या फटीतून कापायचा, म्हणून नवा बोल्ट-नट आधीच आणून ठेवा. काही गाड्यांत हा बोल्ट बाहेर येताना गिअरबॉक्सला अडतो. तिथे इंजिनला खालून आधार देऊन माउंट सोडावं लागतं.

नुसते बुश बदलायचे असतील तर काढण्याआधी आर्मवर खाचांच्या दिशेची खूण करा आणि कडं किती बाहेर आहे ते कॅलिपरने मोजून लिहा. खाचा चुकीच्या दिशेला बसल्या तर बुश नको तिथे मऊ आणि नको तिथे कडक होतो, गाडी सरळ धरत नाही. प्रेसऐवजी 10.9 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) लांब बोल्ट, जाड वॉशर आणि दोन नळ्या चालतात: एक बुशच्या बाहेरच्या कड्यावर टेकणारी, दुसरी बुश आत सामावेल एवढी. साध्या मऊ रॉडचे आटे लगेच जातात. आट्यांना ग्रीस लावा, रबराला मात्र साबणाचं पाणीच. दाब कायम बाहेरच्या कड्यावर, आतल्या नळीवर कधीच नाही. जुनं कडं हलत नसेल तर हॅक्सॉने आतून एक चीर पाडा, आर्मच्या भोकाला ओरखडा न पाडता. रबर जाळून काढण्याच्या फंदात पडू नका. धूर विषारी असतो आणि ॲल्युमिनियमचा आर्म तापून कमजोर होतो.

सोळा_सतरा:
आर्मच बदलतो. गाडी स्टँडवर असतानाच बोल्ट आवळले तर चालतील ना? खाली घेतल्यावर पाना नीट बसत नाही.

आटेवाला:
नाही. नवे बुश वर्षभरात फाटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला जखडली जाते आणि आर्म वरखाली होतो तो केवळ रबर पिळून. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर कायम पिळलेलंच राहतं. वर गाडी किंचित उंचही दिसते.

गाडी उचलण्याआधी सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजून ठेवा. आर्म लावताना बोल्ट हातानेच बसवा. मग बॉल जॉइंटच्या लगत जॅक लावून तेवढंच अंतर येईपर्यंत आर्म उचला आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळा. गाडी स्टँडवरून उठायला लागली तर तिथेच थांबा, चाक लावून रॅम्पवर घ्या आणि आवळा. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या. त्यात आधी ठरावीक टॉर्क आणि मग अमुक अंश असं लिहिलं असेल तर तो बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो.

दुसरा_गिअर:
पॉलियुरेथेन रोजच्या गाडीला नको. पुढच्या बुशला एक वेळ चालेल, पण मागचा खाचांचा बुश मुद्दाम एका दिशेला मऊ ठेवलेला असतो. तिथे कडक बुश घातला की रस्त्याचा प्रत्येक खरखरीतपणा सीटपर्यंत येतो. शिवाय त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की करकर सुरू.

आर्म बसल्यावर थोडे किलोमीटर चालवून अलाइनमेंट करा. टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला असणारच. झिजलेला टायर पुढेच ठेवलात तर गाडी एका बाजूला ओढत राहील आणि संशय नव्या आर्मवर जाईल, म्हणून तो आधी बदला.